सायकल दुरुस्तीची घरगुती अवजारे

सायकल दुरुस्तीची घरगुती अवजारे म्हणजे भंगारातील लोखंड, पत्रा, रबर इत्यादींपासून कारागिराने स्वतः घडवलेली हत्यारे होत. नागपूर व विदर्भातील सायकल दुरुस्तीच्या लहान दुकानांत ती विकतच्या पान्यांना पूरक म्हणून वापरली जातात.

पार्श्वभूमी

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे विसाव्या शतकात गिरणी कामगार, विद्यार्थी व दूधविक्रेते यांचे सायकल हे नेहमीचे वाहन बनले. स्वातंत्र्यानंतर अ‍ॅटलस (सोनीपत, १९५१) व हीरो (लुधियाना, १९५६) यांसारख्या कारखान्यांच्या सायकली देशभर पोहोचल्या.

या काळ्या, उंच सायकलींची रचना अनेक दशके जवळजवळ तशीच राहिली. २८ इंची चाके, खिळीने (कॉटर) बसवलेले पायटे आणि ठरावीक मापाचे छर्रे यांमुळे एकदा बनवलेले अवजार बहुतेक सर्व सायकलींना चालते. घरगुती अवजारे टिकून राहण्याचे हे प्रमुख कारण होय.

साहित्य

नागपूर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ एकमेकांना मिळत असल्याने मालमोटारींची वर्दळ मोठी असते. त्यांच्या दुरुस्तीत निकामी ठरलेल्या कमानींचे पाटे चिवट पोलादाचे असल्याने अवजारांस उपयुक्त असतात. याशिवाय तुटक्या तारा (स्पोक), जुनी साखळी, करवतीची पाती, पत्र्याचे डबे आणि फाटक्या ट्यूब यांचा वापर होतो.

प्रमुख अवजारे

टायर काढण्याची पट्टी : पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करून ठोकतात व टोक किंचित वाकवतात. ट्यूब कापली जाऊ नये म्हणून कडा कानशीने गोल करणे आवश्यक असते.

किसणी : पत्र्याला खिळ्याने आतून भोके पाडून लाकडी ठोकळ्यावर बसवतात. बाभळीच्या काट्याने पंक्चर झालेल्या ट्यूबचा पृष्ठभाग तिने खरखरीत केल्यावर रबराचे द्रावण घट्ट धरते. ठिगळही जुन्या ट्यूबचेच कापतात.

आकडा : तुटक्या तारेचे टोक वाकवून बनवलेला हा आकडा उतरलेली साखळी ओढण्यास उपयोगी पडतो. टोक घासून धारदार केल्यास त्याचाच टोचा होतो.

आऊट काढण्याचा घोडा : जुना चिमटा (फोर्क) उलटा करून लाकडी बैठकीत रोवतात. त्यात चाक फिरवून कड कोठे हलते ते पाहतात आणि तारा आवळून किंवा सैल करून चाक सरळ करतात.

खिळीचा आधार : खिळी ठोकून काढताना पायट्याखाली जाड नळीचा तुकडा ठेवतात. त्यामुळे हातोडीचा मार छर्‍यांवर न पडता नळीवर पडतो.

पाणी देणे

तापवलेले पोलाद सावकाश थंड झाल्यास मऊ पडते. म्हणून पट्टी घडवल्यावर ती पुन्हा लाल करून तेलात बुडवतात. तेवढ्यावर सोडल्यास ती ठिसूळ राहते व जोर देताच तुटते. म्हणून पृष्ठभाग घासून सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे निळसर छटा येईपर्यंत, ती पुन्हा तापवतात.

मर्यादा व दक्षता

जस्ताचा मुलामा असलेले लोखंड तापवल्यास अपायकारक धूर निघतो. ठोकताना डोळ्यांचे संरक्षण आवश्यक असते. आसाच्या व ब्रेकच्या नटांसाठी अचूक मापाचा पानाच वापरावा; सैल पान्याने नटाचे कोपरे झिजतात आणि तो पुरेसा आवळला जात नाही.

गियरच्या सायकलींत दातेदार खाचांचे बंदिस्त भाग असतात व त्यांची मापे उत्पादकागणिक बदलतात. त्यांच्यासाठी अचूक घडणीची अवजारे विकत घ्यावी लागतात. त्यामुळे घरगुती अवजारांचे क्षेत्र आता मुख्यतः साध्या सायकली, सायकल रिक्षा आणि पंक्चरची कामे एवढ्यापुरते उरले आहे.