तारीख कोण ठरवणार? डेबियनच्या इतिहासातला धडा

‘दर्जा हवा की वेळेवर काम हवे?’ हा प्रश्न मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात वर्षानुवर्षे विचारला जातो. आमच्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. उशिराची आणि घाईची किंमत कोण मोजतो आणि तारीख ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा खरा प्रश्न आहे. डेबियन प्रकल्पाचा इतिहास त्यासाठी तपासला पाहिजे.

इयान मर्डॉक यांनी १९९३ साली डेबियन सुरू केले. त्यावर कुठल्याही कंपनीची मालकी नाही. १९९७ साली त्याचा सामाजिक करार आला, १९९८ साली लिखित संविधान आले. प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. नव्या आवृत्तीबाबत भूमिका एकच होती: तयार होईल तेव्हाच.

तत्त्व उदात्त आहे, पण प्रत्यक्षात काय झाले? ‘वुडी’ जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची ‘सार्ज’ थेट जून २००५ मध्ये. स्थिर आवृत्ती वापरणारे जवळजवळ तीन वर्षे जुन्या सॉफ्टवेअरवर अडकून पडले. दरम्यान ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनच्याच पायावर उबुंटू उभे राहिले, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचे वेळापत्रक घेऊन. पण २००६ साली दीर्घकाळ टिकणारी आवृत्ती काढताना त्यांनाही ती सहा आठवडे पुढे ढकलावी लागली. म्हणजे नुसते तत्त्व पुरत नाही आणि नुसते कॅलेंडरही पुरत नाही.

त्याच वर्षी डेबियनमध्ये मोठा वाद पेटला. ‘एच’ डिसेंबरात वेळेवर यावी म्हणून प्रकाशनाची जबाबदारी असलेल्या दोघांना प्रत्येकी एक महिन्याचे मानधन देण्याचा प्रयोग झाला. बाकीचे विनामोबदला राबत होते. काहींनी हात आखडता घेतला. प्रमुखांना पदावरून हटवण्याचा ठराव मतदानाला आला आणि फेटाळला गेला. ‘एच’ आली ती एप्रिल २००७ मध्येच.

यावरून ‘स्वयंसेवेत पैसा आणू नये’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. फुकट श्रम करायला फुरसत लागते आणि फुरसत समाजात सारखी वाटलेली नाही. श्रमाला मोबदला मिळालाच पाहिजे. पण कोणाच्या श्रमाला, हे सर्वांच्या संमतीने ठरले पाहिजे.

२००९ साली दर दोन वर्षांनी आवृत्ती गोठवण्याचे धोरण जाहीर झाले. त्याच डिसेंबरची तारीख मात्र सभासदांच्या आक्षेपामुळे मागे घ्यावी लागली. तत्त्व टिकले ते असे: तारीख गोठवण्याची ठरेल, प्रकाशनाची नाही. गोठवल्यावर नवे काही घ्यायचे नाही, फक्त दुरुस्ती करायची आणि गंभीर चुका आटोक्यात आल्यावरच आवृत्ती बाहेर काढायची. २०११ पासून २०२५ पर्यंत दर दोन वर्षांनी डेबियनची आवृत्ती आली आहे.

दर्जा आणि वेळ यांचे भांडण इथे कोणा एका नेत्याच्या हुशारीने मिटले नाही. आधी लिहिलेल्या, सर्वांना माहीत असलेल्या आणि प्रश्न विचारता येणाऱ्या नियमाने ते मिटले. ज्यांना राबायचे आहे त्यांना न विचारता ठरवलेली तारीख म्हणजे वेळापत्रक नव्हे, तो हुकूम असतो.