शिकण्याचा तास कोणाच्या हिशेबी?

कामगारांसाठी वर्ग काढला, फळा आणला, शिक्षक नेमला; पण महिन्याभरात बाके रिकामी पडली, अशी तक्रार कारखान्यांच्या कचेऱ्यांतून नेहमी ऐकू येते. त्यावरून निष्कर्ष निघतो की, कामगाराला शिकण्याची हौसच नाही. असे म्हणणाऱ्यांनी एक साधा प्रश्न मात्र विचारलेला नसतो. तो वर्ग किती वाजता भरत होता? गेल्या दोनशे वर्षांचा कामगार-शिक्षणाचा इतिहास चाळला, तर हाच प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो. शिकण्याचा तास कोणाच्या हिशेबात धरावयाचा, मालकाच्या की कामगाराच्या?

आरंभ ग्लासगोपासून करू. तेथे १८०० साली जॉर्ज बर्कबेक या प्राध्यापकाने कारागिरांसाठी मोफत व्याख्याने सुरू केली. १८२३ साली लंडनमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली आणि पुढे इंग्लंडात गावोगावी तशा संस्था उभ्या राहिल्या. जो यंत्र चालवतो त्याला त्यामागचे शास्त्र कळावे, हा हेतू थोर होता. परंतु वर्ग रात्रीचा, वर्गणी स्वतःच्या खिशातली आणि श्रोता दिवसभर राबून आलेला! शतकाच्या मध्यास पाहावे तो पुष्कळ संस्थांत कारागीर थोडे आणि कारकून व दुकानदार फार, अशी स्थिती झाली होती. संध्याकाळी ज्यांच्या अंगात त्राण उरत होते, तेच तेथे टिकले.

आपल्याकडची कथा याहून वेगळी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या कमिशनपुढे ठेवले. त्यातल्या मागण्या पाहा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पुढे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मंजूर झाली. या मागण्यांत शाळेचे नाव नाही. तरीही मी त्यांना आपल्या कामगार-शिक्षणाचा पहिला धडा मानतो. ज्याला आठवड्यात एक दिवसही स्वतःचा नाही, त्याने पुस्तक उघडावे केव्हा?

त्यानंतरची वाट मंद होती. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ साली तो अकरा झाला, १९३४ साली दहा, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने नऊ. १९११ सालीच ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व रात्रशाळा आणि वाचनालये गिरणगावात नेली. ते काम मोलाचे होते. पण साच्यावरचे कसब शिकायचे ते नातलगाच्या किंवा गाववाल्याच्या शेजारी उभे राहून आणि जॉबरची मर्जी सांभाळून. धंद्याचे शिक्षण म्हणजे मेहरबानी, हक्क नव्हे, अशी ती व्यवस्था होती.

हक्काचे पहिले पाऊल इंग्लंडात पडले. १९०३ साली ॲल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनचा पाया घातला. १९०७ साली ऑक्सफर्डमध्ये जी संयुक्त समिती बसली, तीत सात विद्यापीठाचे आणि सात कामगारांचे प्रतिनिधी होते. १९०८ साली रॉचडेल व लाँगटन येथे आर. एच. टॉनी यांचे वर्ग सुरू झाले: तास व्याख्यानाचा, तास चर्चेचा, आणि बांधिलकी तीन वर्षांची. काय शिकायचे हे ठरविण्यात कामगाराचा हात लागला, ही मोठीच गोष्ट. तास मात्र अजून कामगाराच्याच झोपेतून कापला जात होता.

तो हिशेब बदलला इटलीत. १९७३ च्या राष्ट्रीय करारात तेथील धातुकामगारांनी तीन वर्षांत दीडशे पगारी तास शिक्षणासाठी मिळविले. अट अशी की, कामगाराने तितकेच तास स्वतःचेही घालावेत. मालकांना हे तास यंत्रावरच्या प्रशिक्षणासाठी वापरावयाचे होते. संघटनांचे उत्तर खणखणीत होते: कामाला लागणारे शिक्षण मालकाने स्वतःच्या खर्चाने द्यावे, हे तास माणसाचे आहेत. दक्षिणेतून आलेल्या, प्राथमिक शाळेपलीकडे न गेलेल्या हजारो कामगारांनी त्या तासांत माध्यमिक शाळेचा दाखला मिळविला. वर्गात गणितासाठी पगाराची पावती असे, विज्ञानासाठी खात्यातली धूळ आणि गोंगाट. बाके रिकामी राहिली नाहीत.

नुसता पैसा पुरत नाही, हे फ्रान्सने दाखविले. १९७१ च्या कायद्याने दहा वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पगारखर्चाचा ठराविक हिस्सा प्रशिक्षणावर खर्च करणे भाग पडले. पण अधिकारी व कुशल कर्मचारी यांना त्याचा लाभ अधिक मिळाला, आणि ज्याला गरज सर्वांत जास्त तो मागेच राहिला. निवड वरून होते तेव्हा शिकलेलाच पुन्हा शिकतो.

१९७४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी शैक्षणिक रजेचा १४० क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला संमती दिलेली नाही. १९५८ साली आपण केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापिले, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. हा कायदा दारातून आत येणाऱ्या तरुणाचा विचार करतो. पंचेचाळिशीत नवे यंत्र समोर आलेल्या माणसाचे काय? १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा उभा जन्म साच्यावर घालविलेल्या माणसांना याचे उत्तर रस्त्यावर मिळाले. कुणी रखवालदार झाला, कुणी भाजीची गाडी लावली. आज कंत्राटी कामगाराचे नाव तर प्रशिक्षणाच्या यादीतही क्वचितच येते.

मालक म्हणतात, आम्ही शिकवायचे आणि तो दुसरीकडे जायचा. मग ज्याला आपण शिकविले नाही आणि जो आपल्याकडेच राहिला, त्याच्याकडून नव्या यंत्राचे काम कसे घेणार? आपल्या संघटनांनीही मागणीपत्रात बोनस आणि महागाईभत्ता यांच्या जोडीला तीन ओळी लिहाव्यात: वर्षाला शिकण्याचे तास किती, त्यांचा पगार किती, आणि विषय ठरविणाऱ्या समितीत कामगार किती. मी स्वतः पाळी सुटल्यावर, डोळ्यांवर पाणी मारून जे वाचले त्यावर इथवर आलो. त्याचे कौतुक होते, तेव्हा मला अवघडल्यासारखे होते. कारण माझ्याइतकीच बुद्धी असलेले कितीतरी सोबती केवळ थकव्यामुळे मागे राहिले. त्यांच्या मुलांना तरी शिकण्याचा तास दिवसाउजेडी मिळाला पाहिजे.