पोटऱ्यातली ज्वारी आणि बिनशिराची देवी

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात. घरांना कुलपं, दुकानं बंद आणि सगळा गाव शिवारात. या दिवसाला आम्ही येळवस म्हणतो. रब्बीची ज्वारी तेव्हा पोटऱ्यात आलेली असते. कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, पण ताटाचा शेंडा पानाच्या आत गच्च फुगलेला असतो. काळी आई गरोदर आहे, तिचे डोहाळे पुरवायचे, म्हणून हा सण. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव आणि लक्ष्मी मांडायची, पुढं भज्जी, उंडे, गव्हाची खीर आणि माठभर आंबील ठेवायची. पूजा झाली की आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची. त्याशिवाय कोणी घास उचलत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवली. कलेच्या इतिहासाची पुस्तकं वाचताना एक गोष्ट मला सतत सलत आली: लज्जागौरी या बिनशिराच्या देवीबद्दल पानंच्या पानं असतात, पण ज्या मातीत ती मूर्ती सापडते तिथल्या बाया आजही काय करतात, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या मूर्तीची ओळख येळवशीपासून करून घ्यायला हवी.

तेर आमच्या जिल्ह्यातलं. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार करणारं तगर ते हेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात गेलात तर त्या काळातल्या मातीच्या मूर्तींपुढं जरा थांबा. लज्जागौरीच्या या जुन्या मूर्ती बहुधा हातात मावतील एवढ्याच असतात. देवळाच्या गाभाऱ्यासाठी नव्हे, घरातल्या कोनाड्यासाठी घडवलेल्या वाटाव्यात अशा. दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून बाजूला फाकलेले, तळवे वर वळलेले, पोट पुढं आलेलं. शिर नाही. ते तुटलेलं नसतं, मुळात घडवलेलंच नसतं. काही मूर्तींत तर धड म्हणजे सरळ एक घट असतो, त्याला पाय फुटलेले आणि तोंडातून कमळ उमललेलं. नवरात्रात आपण शेतातली काळी माती आणून तिच्यात धान्य पेरतो आणि मध्ये घट बसवतो. ते एकदा डोळ्यांपुढं आणा, म्हणजे मूर्तिकारानं काय पाहिलं असेल ते कळेल. पुढं चालुक्यांच्या काळात, सातव्या शतकाच्या सुमारास, हीच देवी दगडात मोठी झाली. बदामीच्या संग्रहालयात असलेली नागनाथकोल्ल इथली मूर्ती जवळजवळ माणसाएवढी आहे. दागिन्यांनी मढलेली, आणि मस्तकाच्या जागी पूर्ण उमललेलं कमळ.

याच्याही फार मागं जाता येतं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथं एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी मिळाली. पेटीत एक बिनशिराची स्त्री, आणि झाकणावर दुसरी स्त्री व एक बैल. बिनशिराच्या स्त्रीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रं होती. काडी घातली की ती बैलावर उभी राहायची. काळ इसवी सनापूर्वी १३००च्या आसपासचा. ही माणसं जव-गहू पिकवत होती, पाण्यासाठी पाट खणत होती. दगावलेली लेकरं ती गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि ती घरातच जमिनीखाली पुरायची. मडकं, पोट आणि जमीन या लोकांना वेगळी वाटत नव्हती, असं मला तरी यातून दिसतं. ते खड्डे खणताना त्या आयांना काय वाटलं असेल, हे मनातून जात नाही.

ह. धी. सांकलिया यांनी या नग्न देवतेवर १९६०मध्ये लिहिलं. रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ १९७८चं. रेणुका, यल्लमा, वारुळात पुजली जाणारी गोव्याची सांतेरी या सगळ्यांशी तिचं नातं त्यांनी जोडून दाखवलं. तरीही ‘निर्लज्ज’, ‘अश्लील’ हे शब्द तिचा पिच्छा सोडत नाहीत. बाळंतपण जवळून पाहिलेल्या बाईला त्या मूर्तीत अश्लील काही दिसत नाही.

मला वेगळीच गोष्ट खटकते. बाई म्हणजे जमीन, हे रूपक शास्त्रकारांनीही वापरलं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आहे आणि पुरुष बीज. मग पीक कोणाचं, बी पेरणाऱ्याचं की शेताच्या मालकाचं, यावर सविस्तर खल आहे. शेताचं स्वतःचं काही असू शकतं, हा प्रश्नच तिथं उठत नाही. लज्जागौरीच्या त्या लहान मूर्तींत मात्र शेजारी बहुधा कोणी मालक नसतो. ती एकटी असते आणि पुरेशी असते.

पण तिच्यापुढं कोणी उभं राहायचं, यावर मात्र फार पूर्वीच कुंपण पडलं. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याला इक्ष्वाकूंच्या काळातली, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकातली, अशी एक मूर्ती मिळाली. तिच्यावर लेख आहे: ही राजा एहुवुल चांतमूलाची राणी खंडुवुला हिची. राणी स्वतःची ओळख देते ती ‘अविधवा’ आणि ‘जीवपुत्रा’ अशी. नवरा आहे, मुलगा जिवंत आहे. ओटी सवाष्णीचीच, हा आपल्याकडचा दंडक किती जुना आहे, ते त्या दोन शब्दांत वाचायला मिळतं.

माझी चुलती तिशीत विधवा झाली. नांगरट सोडली तर आमच्या मळ्यातलं पेरणीपासून खळ्यापर्यंतचं सगळं तिनं केलं. कोणत्या पट्टीत ओल टिकते, कुठं चुनखडी लागते, हे तिच्याइतकं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि येळवशीला कोपीत लक्ष्मीची ओटी भरताना ती लांब बांधावर चूल फुंकत बसायची. आम्ही जावा-नणंदांनी शेवटी ठरवलं, पहिली ओटी तिच्याच हातून भरायची. भावकीतली दोन घरं त्या वर्षी आमच्या कोपीवर जेवायला आली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांतलं एक आलं. चुलतीनं पूर्वी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला होता, त्यामुळे सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. ते परत कसं लावता येईल, याची चौकशी आता तिची थोरली सून करते आहे.