मूलद्रव्याची घडण आणि ओळख

सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली स्थापन झाले. या दोन सालांमधील अठ्ठावीस वर्षांत रसायनशास्त्राच्या आवर्तसारणीचे स्वरूप पालटून गेले. १९१९ साली ती ९२व्या मूलद्रव्याशी, म्हणजे युरेनियमशी, संपत असे. शिवाय तीत ४३, ६१, ७२, ७५, ८५ व ८७ या क्रमांकांची सहा स्थाने रिक्त होती. १९४७ च्या अखेरीस एकही स्थान रिक्त उरले नव्हते व सारणी ९६व्या मूलद्रव्यापर्यंत पोहोचली होती. या प्रगतीचे श्रेय बहुधा पदार्थविज्ञानातील यंत्रांना दिले जाते. तथापि मूलद्रव्य घडविणे ही एक गोष्ट, आणि जे घडले ते कोणते हे ओळखणे ही निराळी. इतिहासाचा मागोवा घेतला असता खरी अडचण दुसऱ्या ठिकाणी होती, असे दिसून येते.

सहा रिक्त स्थानांपैकी ७२ व ७५ क्रमांकांची मूलद्रव्ये खनिजांत सापडली आणि ८७वे ॲक्टिनियमच्या नैसर्गिक ऱ्हासात १९३९ साली आढळले. उरलेली तीन प्रथम कृत्रिम रीतीनेच हाती आली. बर्कली येथील सायक्लोट्रॉनमध्ये ड्यूटेरॉनांचा मारा झालेली मॉलिब्डेनमची पट्टी इटलीतील पालेर्मो येथे पाठविण्यात आली. तीतून पेरिए व सेग्रे यांनी १९३७ साली ४३वे मूलद्रव्य ओळखले. ८५वे १९४० साली बर्कली येथे घडविण्यात आले. ६१वे युरेनियमच्या भंजनातून निघालेल्या द्रव्यांत १९४५ साली मिळाले व १९४७ साली जाहीर झाले. या तिन्ही मूलद्रव्यांचा एकही समस्थानिक स्थिर नाही. निसर्गात त्यांचा केवळ अत्यल्प अंश आढळतो.

युरेनियमच्या पलीकडे जाताना मात्र मोठी चूक घडली. १९३४ साली फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला आणि ९३वे मूलद्रव्य मिळाले असावे असा निष्कर्ष काढला. नवे द्रव्य शेजारच्या काही जड मूलद्रव्यांसारखे वागत नाही, एवढाच त्याचा मुख्य आधार होता. इतर सर्व मूलद्रव्ये वगळल्याखेरीज हा पुरावा अपुरा आहे, असा रासायनिक आक्षेप इडा नोडाक यांनी त्याच वर्षी घेतला. परंतु त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९३८ च्या अखेरीस हान व श्ट्रासमान यांना बेरियम आढळले आणि युरेनियमच्या अणुकेंद्राचे भंजन होते हे उघड झाले.

या चुकीच्या मुळाशी एक गृहीत होते: ९३वे मूलद्रव्य ऱ्हेनियमसारखे असणार. त्यामुळेच १९३९ साली स्वतः सेग्रे यांच्यासमोर ते आले असूनही त्यांनी ते विरल मृदा समजून बाजूला सारले. १९४० साली मॅकमिलन व एबलसन यांनी ते युरेनियमसारखे वागते हे दाखविले. तेच नेपच्युनियम होय. १९४१ साली सीबॉर्ग व सहकाऱ्यांनी ऑक्सिडीकरणाच्या साहाय्याने प्लुटोनियम वेगळे ओळखले. १९४४ साली सीबॉर्ग यांनी ॲक्टिनाइड श्रेणीची कल्पना मांडली, तेव्हा कोठे ९५ व ९६ क्रमांकांची मूलद्रव्ये हाती येऊ शकली.

याच रसायनाचे मोठ्या प्रमाणावरील उपयोजन महाराष्ट्रात तुर्भे येथे झाले. तेथील सायरस अणुभट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली आणि तिच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढण्याच्या कारखान्याचे उद्घाटन २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाले. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या कारखान्यातील प्रक्रियेचे सूत्र साधे आहे. नायट्रिक आम्लातील द्रावणातून षट्‌संयुजी युरेनियम व चतुःसंयुजी प्लुटोनियम ही दोन्ही ट्रायब्युटिल फॉस्फेटमध्ये उतरतात. नंतर क्षपणाने प्लुटोनियम त्रिसंयुजी केले की ते जलीय थरात परतते आणि युरेनियम विद्रावकातच राहते. १९४१ साली अत्यल्प अंशावर प्लुटोनियमची ओळख पटविणारा संयुजाभेदच येथे त्याला युरेनियमपासून वेगळे करतो. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या स्फोटात सायरसमधील प्लुटोनियम वापरले गेले. २०१० च्या अखेरीस ती अणुभट्टी कायमची बंद झाली. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४,१०० वर्षे आहे. मानवाने घडविलेले मूलद्रव्य ते घडविणाऱ्या यंत्रापेक्षा किती अधिक काळ टिकते, याची ही साक्ष होय.

आज आवर्तसारणी ११८व्या मूलद्रव्यापर्यंत पूर्ण आहे. त्या मूलद्रव्याचे मोजकेच अणू निर्माण झाले असून त्यांचे अर्धायुष्य एक मिलिसेकंदही भरत नाही. एवढ्या अवधीत परीक्षानळीतील रसायन शक्य नाही. म्हणून ओळख अणुकेंद्राच्या ऱ्हासमालिकेवरून पटवावी लागते. साधन बदलले, परंतु १९३४ चा धडा बदललेला नाही. द्रव्य कशासारखे नाही एवढे सांगून भागत नाही. ते काय आहे हे सिद्ध झाल्यावरच सारणीत त्याला स्थान मिळते.