दृष्टिपटल शस्त्रक्रियेतील दृश्यमानता

दृष्टिपटलावर (बोलीत 'डोळ्याचा पडदा') शस्त्रक्रिया करताना डोळ्याचा अंतर्भाग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसावा यासाठीची साधने व युक्त्या. स्वच्छमंडल, भिंग वा काचाभ द्रव गढूळ असला की हात कितीही कसलेला असो, काम अडते.

रॉबर्ट माखेमर यांनी 1970 मध्ये मायामीत बंद डोळ्यातून काचाभ द्रव काढण्याची पद्धत रूढ केली. सुरुवातीला स्वच्छमंडलावर टेकवलेल्या भिंगातून मधला थोडाच भाग दिसे. 1987 मध्ये मान्फ्रेड स्पित्झनास यांनी डोळ्याला न टेकणारी विस्तृत दृश्यप्रणाली (बायोम) मांडली. तिच्यातली प्रतिमा उलटी येते, म्हणून सुलटी करणारा इन्व्हर्टर जोडावा लागतो. स्वच्छमंडल सुकताच चित्र धूसर होते. मदतनिसाने ते सतत ओले ठेवणे हे भिंगाइतकेच मोलाचे.

रंगद्रव्ये : खरी अडचण पारदर्शकतेची. काचाभ द्रव आणि दृष्टिपटलाचे आतले आवरण दोन्ही आरपार दिसतात. जे दिसत नाही ते सोलायचे कसे? 2000 मध्ये पेमन व सहकाऱ्यांनी ट्रायॅमसिनोलोन वापरले. या स्टेरॉइडचे पांढरे कण काचाभ द्रवाला चिकटतात आणि मागे राहिलेला थर उघड होतो. पीतबिंदूला (दृष्टिपटलाच्या मध्यभागाला) पडलेले छिद्र बुजवण्यासाठी आतले आवरण सोलतात. ते रंगवायला आधी इंडोसायनिन ग्रीन आले. त्याच्या विषारीपणाविषयी मतभेद आहेत. 2006 मध्ये जपानच्या एनाइदा व सहकाऱ्यांनी ब्रिलियंट ब्लू पुढे आणले. निळे आवरण चिमट्याने उचलले की खाली न रंगलेले दृष्टिपटल दिसते आणि सोललेल्या भागाची कड नेमकी कळते. मदुराईची ऑरोलॅब हे द्रव्य बनवते.

इजा झालेले डोळे : मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत धोटा उडून डोळ्याला मार बसण्याचा धोका असतो. जबर मारात काचाभ द्रवात रक्त उतरते. आधी ते उपसल्याशिवाय पडदा दिसत नाही. स्वच्छमंडलच अपारदर्शक झाले तर तात्पुरते कृत्रिम स्वच्छमंडल बसवतात किंवा एंडोस्कोप वापरतात. मुंबईचे एस. नटराजन (पद्मश्री, 2013) यांनी 2016 मध्ये श्रीनगरला जाऊन छर्ऱ्यांनी जखमी झालेल्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या.

त्रिमितीय पडदा : सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतून पाहण्याऐवजी चष्मा लावून मोठ्या पडद्यावर पाहण्याची पद्धत, 2016 नंतर प्रसार.