बंडखोराचा वकील

राजगड-तोरण्याच्या वाटेवर, भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, गप्पांमध्ये बंडखोरांचा विषय हमखास निघतो. बंडखोराच्या वकिलाचा मात्र कधीच निघत नाही! म्हणून आज गणेश वासुदेव जोशींबद्दल, म्हणजेच सार्वजनिक काकांबद्दल.

काका मूळचे साताऱ्याचे, जन्म १८२८ चा. पुण्यात वकिली करायचे. १८७० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभा उभारली आणि तिलाही चक्क वकिली शिस्त लावली. सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र हवं! आपण कोणाच्या वतीने बोलतोय ते आधी कागदावर दाखवा, मग सरकारशी बोला. अर्ज-विनंत्या हाच त्यांचा मार्ग. १८७७ च्या दिल्ली दरबारालाही सभेच्या वतीने गेले ते खादी घालून.

त्याच पुण्यात लष्करी हिशेब खात्यात वासुदेव बळवंत फडके कारकून होते. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं मरताना पाहून त्यांचा अर्जांवरचा विश्वास उडाला. रामोशी, कोळी जमवून १८७९ मध्ये त्यांनी सावकारांवर दरोडे घातले. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा, विश्रामबाग वाडा पेटला. त्या आगीचा बंडाशी संबंध नव्हता हे पुढे निघालं, पण तोवर सगळं सुशिक्षित पुणं संशयात सापडलं होतं. न्यायमूर्ती रानड्यांचीसुद्धा धुळ्याला बदली झाली.

जुलैत फडके पकडले गेले. अशा वेळी त्यांचं वकीलपत्र घ्यायचं म्हणजे संशय स्वतःवर ओढवून घेणं. ते काकांनी घेतलं. सोबत महादेव चिमणाजी आपटे. फडक्यांनी स्वतःच लिहिलेलं आत्मचरित्र आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली होती. बचाव करणार तरी कसा? शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. फडके एडनला गेले आणि १८८३ मध्ये तिथेच वारले. काका त्याआधीच, जुलै १८८० मध्ये गेले होते.

खटला हरला, हे खरंच. अमेरिकेत त्याच काळात सरहद्दीवरच्या बंदूकवाल्यांना सोडवून आणणारे वकील दंतकथा बनले. काकांच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. पण फडक्यांचा मार्ग ज्यांचा नव्हता, तेच त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. आरोपीचं म्हणणं पटो न पटो, त्याच्या वतीने बोलणारा कोणीतरी हवाच. मला वाटतं, मुखत्यारपत्र मागणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकायची गरजच नव्हती.