अजिंठ्याच्या अंधारात तैलरंगांचे धडे
चित्रकला शिकायची तर आधी उत्तम चित्राची नक्कल करावी, ही जुनी रीत. १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. लेण्यांच्या अंधुक उजेडात भिंतींवरचे राजवाडे आणि दरबार तैलरंगांत कॅनव्हासवर उतरवण्याचं काम १८८५ पर्यंत चाललं. या चमूतले पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले.

पण या शिक्षणाची किंमत मूळ चित्रांनीही मोजली. ती स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावलं गेलं. कालांतराने ते पिवळं पडलं आणि रंग झाकोळले. लंडनला पाठवलेल्या अनेक प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या प्रती तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरून पुसट झालेले तपशील आज त्यांत शोधावे लागतात.